पोस्टावर लक्ष कोण ठेवतं आणि छोट्या धंद्याला त्याचा उपयोग काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मसाले, पैठण्या, पुस्तकं, इमिटेशन ज्वेलरी, गोधड्या, असं काहीही पोस्टाने पाठवणाऱ्या लोकांकडून तेच तेच प्रश्न येत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. अर्धे प्रश्न "हे कुठे मिळेल" या टाइपचे असतात आणि उरलेले अर्धे "याची तक्रार कुणाकडे करू" या टाइपचे. दुसऱ्या टाइपचं उत्तर कळायचं तर पोस्टाचा मालक कोण, नियम कोण करतं आणि त्यावर कोण बघतं हे आधी समजून घ्यावं लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

पोस्ट म्हणजे नक्की काय, सरकारी कंपनी की खातं?

खातं. लोकांना वाटतं बीएसएनएलसारखी कंपनी झाली असेल एव्हाना, पण नाही, डाक विभाग अजूनही केंद्राच्या संचार मंत्रालयाखालचं सरळ सरकारी खातं आहे. सध्या ज्योतिरादित्य शिंदे मंत्री आहेत. त्यांच्याखाली सचिव, आणि सचिवांच्या अध्यक्षतेखाली पोस्टल सर्व्हिसेस बोर्ड. देशभर 23 सर्कल आहेत, आपलं महाराष्ट्र सर्कल, आणि त्यातच गोवा येतो. सर्कलचे मुख्य म्हणजे चीफ पोस्टमास्टर जनरल, ते मुंबईत बसतात. सर्कलखाली रीजन, रीजनखाली डिव्हिजन, डिव्हिजनला सुपरिंटेंडंट असतो, आणि त्याच्याखाली हेड ऑफिस, सब ऑफिस आणि गावातली ब्रांच ऑफिसं.

एक गंमत, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ही डिव्हिजनं पणजीच्या गोवा रीजनखाली येतात, त्यामुळे कोल्हापूरवाल्याने पुण्याच्या पोस्टमास्टर जनरलला कितीही पत्रं लिहिली तरी ती फिरून पणजीलाच जाणार.

वीज, फोन यांना जसा रेग्युलेटर असतो तसा पोस्टाला आहे का?

नाही. आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फोन कंपनीने त्रास दिला तर ट्राय आहे, बँकेने दिला तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, विजेला राज्याचा आयोग आहे. पोस्टाला असं बाहेरचं कुणी नाही. ब्रिटनमध्ये पोस्टावर ऑफकॉम लक्ष ठेवतं, अमेरिकेत वेगळं पोस्टल रेग्युलेटरी कमिशन आहे, आपल्याकडे सेवा देणारं खातं, दर लावणारं खातं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच. खाजगी कुरियरवाल्यांनाही वेगळा रेग्युलेटर नाहीये बरं का, त्यामुळे "कुरियरवाले कुणाला तरी घाबरतात" हा पण भ्रमच.

मग पोस्टाला विचारणारं कुणीच नाही?

असं नाही, आहेत, फक्त ते तुमच्या एका पार्सलसाठी बसलेले नाहीत. संसद दरवर्षी खात्याच्या खर्चाला मंजुरी देते, त्याआधी संचार आणि माहिती तंत्रज्ञानाची स्थायी समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेते आणि अहवाल देते. कॅग, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणारी संस्था, हिशेब तपासते. खासदार प्रश्न विचारतात, आणि ती उत्तरं सगळ्यांना वाचायला खुली असतात, माहितीचा खजिना आहे तो, कुणी वाचत नाही. बचत खात्यांचे व्याजदर पोस्ट ठरवत नाही, अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करतं. पोस्ट पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर असते. परदेशी टपालाचे नियम युनिव्हर्सल पोस्टल युनियनमध्ये ठरतात, भारत तिथे 1876 पासून मेंबर आहे.

आमदार, पालकमंत्री, कलेक्टर यांच्याकडे निवेदन दिलं तर?

फोटो छान येईल. पोस्ट हा घटनेप्रमाणे पूर्ण केंद्राचा विषय आहे, राज्याचा यात संबंध नाही. निवेदन द्यायचंच तर खासदाराला द्या, आणि नुसतं "सेवा सुधारा" असं न लिहिता ऑफिसचं नाव, पिनकोड, कोणत्या तारखांना काय झालं ते लिहा. खासदाराच्या ऑफिसातून गेलेल्या पत्राला सर्कल ऑफिस उत्तर देतं, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे.

तो 2023 चा नवीन पोस्ट कायदा काय आहे? आपल्याला काय फरक पडला?

आधी 1898 चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता. त्याजागी पोस्ट ऑफिस अ‍ॅक्ट 2023 आला, राज्यसभेत आणि लोकसभेत 2023 च्या डिसेंबरात पास झाला आणि 18 जून 2024 पासून लागू झाला. जुन्या कायद्यात पत्रं पोचवण्याची मक्तेदारी केंद्र सरकारकडे होती (कुरियरवाले त्याला "डॉक्युमेंट" म्हणून वर्षानुवर्षे नेत होतेच, ते सोडा), नव्यात ती मक्तेदारीच काढून टाकली.

पण धंद्याच्या दृष्टीने खरा बदल दुसरा आहे आणि त्यावर फार बोललं गेलं नाही. जुन्या कायद्याला टपालाच्या दरांचं परिशिष्ट जोडलेलं होतं, ते बदलायचं तर संसदेत जायला लागायचं, म्हणून जुन्या लोकांना आठवत असेल की बजेटच्या दिवशी कार्ड-पाकीट महागलं का हे पण ऐकायचे. नव्या कायद्यात दर आणि सेवांचं स्वरूप ठरवायचा अधिकार पोस्टाच्या डायरेक्टर जनरलला नियमावलीतून दिलाय. याचा फायदा असा की खातं बाजार बघून पटकन दर बदलू शकतं, करार करू शकतं. तोटा असा की एखादी सेवा एका सर्क्युलरने गायब होते आणि तुम्हाला ते काउंटरवर गेल्यावर कळतं. दोन्ही गोष्टी गेल्या दीड-दोन वर्षांत झाल्यात, पुढे येतंच.

माझं पार्सल पोस्टवाले उघडू शकतात का?

मनात आलं म्हणून नाही, पण हो, कायद्याच्या कलम 9 खाली देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक शांतता, आणीबाणी, लोकांची सुरक्षितता किंवा कायद्याचा भंग अशा कारणांसाठी सरकारने अधिकार दिलेला अधिकारी टपाल अडवू, उघडू शकतो. संसदेत विरोधकांनी यावर बराच आवाज केला होता, की उघडण्याआधीची प्रोसिजर कायद्यातच का नाही लिहिली म्हणून. मुद्दा बरोबरच होता माझ्या मते. धंदेवाल्याला जास्त लागू पडतं ते कस्टमचं, परदेशी टपालात ड्युटीची किंवा बंदीची वस्तू वाटली तर ते कस्टमकडे जातं.

रजिस्टर एडी (पोचपावतीसकट रजिस्टर पोस्ट) बंद झालं असं ऐकलं, मग वकिलाची नोटीस कशी पाठवायची?

रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा म्हणून राहिली नाही, 2025 मध्ये ती स्पीड पोस्टात विलीन केली. पण रजिस्ट्रेशन गेलेलं नाही. स्पीड पोस्ट करताना "रजिस्ट्रेशन लावा" म्हणून सांगायचं, 5 रुपये आणि वर जीएसटी लागतो, मग ते पाकीट ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडेच देतात. ओटीपी डिलिव्हरी पण आलीय, तेवढ्याच पैशात, त्यात जो ओटीपी सांगेल त्याला मिळतं. नोटिशीला रजिस्ट्रेशन घ्या, साडी पाठवताय तर ओटीपी पुरे. पोचपावती लागणार असेल तर बुकिंगच्या वेळेसच मागा, नंतर जाऊन भांडू नका.

स्पीड पोस्टचे आत्ताचे दर काय?

1 ऑक्टोबर 2025 पासून बदललेत. 50 ग्रॅमपर्यंत त्याच शहरात 19 रुपये आणि बाहेर देशात कुठेही 47 रुपये, त्यावर जीएसटी. वजन वाढलं की अंतराप्रमाणे फरक पडतो. विद्यार्थ्यांना 10 टक्के आणि नवीन बल्क ग्राहकाला 5 टक्के सवलत आहे, पण हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

पुस्तकं पाठवायची स्वस्त सोय गेली का? आमचं छोटं प्रकाशन आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला म्हणून जरा सविस्तर. मराठीत पुस्तकधंदा पोस्टावरच उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल, व्हीपीने (पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं) पुस्तकं मागवणारी एक अख्खी पिढी होती, आणि नंतर फेसबुकवर पोस्ट टाकून घरून पुस्तकं विकणाऱ्यांचा सगळा हिशेब रजिस्टर बुकपोस्टावर चालायचा, कारण दोनशे रुपयांच्या पुस्तकाला ऐंशी रुपये कुरियर लावलं की गिऱ्हाईक पळून जातं. 2024 च्या डिसेंबरात नवीन नियमावली आली आणि त्यात बुकपोस्ट नव्हतंच. ना नोटीस ना चर्चा, काउंटरवर सॉफ्टवेअरमधून पर्यायच दिसेना. देशभर प्रकाशकांनी ओरड केली, पत्रं लिहिली, बातम्या आल्या.

मग 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, वाढत वाढत 5 किलोला 100 रुपये, टॅक्स वेगळा. ट्रॅकिंग होतं, जातं मात्र जमिनीवरून, म्हणजे घाई असेल तर हे नाही. अटी नीट वाचा, पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे, जाहिरातबाजीचा मजकूर चालत नाही, आणि नियतकालिकं चालत नाहीत. म्हणजे कादंबरी जाईल, दिवाळी अंक नाही. आता दिवाळी अंक म्हणजे आपल्याकडे पुस्तकाइतकीच गोष्ट, पण दिल्लीत नियम लिहिणाऱ्याला ते कुठून माहीत असणार. वृत्तपत्र म्हणून नोंदणी केलेल्यांना पोस्टाची सवलत वेगळी असते, अंकवाल्यांनी ती बघावी, पण वर्षातून एकदा अंक काढणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

यातून एक दिसलं की ओरड केली तर काहीतरी हलतं. पण सेवा बंद व्हायच्या आधी कुणीतरी विचारलं असतं तर मधले चार-साडेचार महिने बिचाऱ्या छोट्या विक्रेत्यांनी खिशातून घातले नसते. बाहेरचा रेग्युलेटर असता तर निदान सुनावणी झाली असती, वीजदराला होते तशी.

कुरियर सोडून पोस्ट का वापरायचं? कुरियरवाला घरी येऊन नेतो.

शहरातून शहरात पाठवत असाल तर वापरू नका, मी कुठे आग्रह करतेय. पण तुमचं गिऱ्हाईक अहेरी, धडगाव, जव्हार, माणगावच्या आतल्या वाडीत असेल तर कुरियरवाला "आउट ऑफ सर्व्हिस एरिया" म्हणतो किंवा तालुक्याला ठेवून "येऊन घेऊन जा" म्हणून फोन करतो. देशात दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली दहात नऊ ग्रामीण भागात. ग्रामीण डाक सेवक सायकलवर, गाडीवर, चालत जातोच. 1 फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी पोस्टाला मोठी सार्वजनिक लॉजिस्टिक संस्था बनवणार असं म्हटलं, कारागीर, महिला, बचत गट, छोटे उद्योग यांच्यासाठी, ते या जाळ्याच्या जोरावरच.

रोज पाचपन्नास पार्सलं असतील तर लाइनीत उभं राहायलाच लागतं का?

नाही. डिव्हिजनच्या ऑफिसात जाऊन "बुक नाऊ पे लेटर" चा करार करता येतो, म्हणजे महिनाभर पाठवा आणि महिन्याला बिल. डिपॉझिट द्यायला लागतं. मोठ्या डिव्हिजनला मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह म्हणून माणूस असतो, काउंटरवरच्या क्लार्कला न विचारता डायरेक्ट त्यालाच गाठा, त्याला टार्गेट असतं त्यामुळे तो चहा पण पाजेल. बिझनेस पार्सल आणि कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) तिथेच ठरतं. सीओडीचे पैसे कधी आणि कोणत्या खात्यात जमा होणार हे करारात लिहून घ्या.

काउंटरवर पार्सल परत पाठवलं, पॅकिंग बरोबर नाही म्हणाले. नक्की काय पाहिजे त्यांना?

तीन गोष्टी बघतात. चिकटपट्टी सगळ्या कडांवर आहे का, पत्ता एकाच बाजूला मोठ्या अक्षरात पिनकोडसकट आहे का, आणि आत हलतंय का. हलवून बघतात खरंच. सोलापुरी शेंगदाणा चटणी, लोणचं, तिळाचे लाडू, म्हणजे तेल सुटणारं काहीही असेल तर दोन पिशव्यांत सील करून मग खोक्यात, कारण तेल बाहेर आलं की बारकोडचा स्टिकर आधी ढिला पडतो, मग पुढच्या सॉर्टिंगला स्कॅनर वाचत नाही, तिथला माणूस 13 अक्षर-आकड्यांचा नंबर हाताने टाकतो किंवा बाजूला ठेवून देतो, आणि तुमच्या ट्रॅकिंगवर तीन दिवस काहीच हलत नाही. पार्सल हरवलेलं नसतं, फक्त ते कुणाचं आहे हे कुणाला कळत नसतं. म्हणून आतमध्ये पण एक चिठ्ठी टाका, घेणाऱ्याचं आणि तुमचं नाव-पत्ता-फोन लिहून.

मोठं हलकं खोकं असेल तर आकारमानाचं वजन धरतात, त्यामुळे आकाशकंदिलाला लोखंडाच्या वजनाचा चार्ज लागला म्हणून दचकू नका.

आणि संध्याकाळी बॅग बंद व्हायच्या आधी जा. प्रत्येक ऑफिसची डिस्पॅचची वेळ ठरलेली असते, ती विचारून ठेवा, त्यानंतर बुक केलेलं उद्याच निघतं, पावतीवर तारीख मात्र आजची.

पोस्टाच्या बिलावर जीएसटीचं क्रेडिट मिळतं का?

18 जुलै 2022 पासून पोस्टकार्ड, अंतर्देशीय, तेव्हाचं बुकपोस्ट आणि 10 ग्रॅमच्या आतलं पाकीट सोडून बाकी सेवांवर जीएसटी आहे. तुमचा जीएसटी नंबर बुकिंगच्या वेळी टाकायला सांगा, साध्या पावतीवर क्रेडिट मागत बसलात तर सीए ओरडेल.

पार्सल हरवलं, आत चार हजारांचा माल होता. भरपाई किती?

वाईट बातमी. नव्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की नियमात ठरवून दिलंय तेवढीच जबाबदारी, त्यापलीकडे पोस्टावर काही नाही. 1898 च्या कायद्यात पण असंच होतं. वर्षानुवर्षे स्पीड पोस्ट हरवलं तर चार्जच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी असेल ते, असा हिशेब चालत आलाय. म्हणजे 80 रुपयांच्या बुकिंगला 160 रुपये. मालाची किंमत त्यात कुठेच नाही. म्हणून महागडा माल असेल तर बुकिंगच्या वेळी इन्शुरन्स विचारा, पैसे वाचवायला तो टाळायचा आणि मग ग्राहक मंचात जायचं हा रस्ता फार लांबचा आहे, तिथे याच जबाबदारीच्या कलमावर गाडी अडते.

सरकारी मालकी आणि सरकारी नियम एकाच टेबलावर लिहिले की ग्राहकाच्या बाजूचा आकडा असा छोटा राहतो. यात बदल व्हायला हवा असं ज्यांना वाटतं त्यांनी तो मुद्दा स्थायी समितीपर्यंत, खासदारापर्यंत न्यावा, काउंटरवरच्या ताईंना ओरडून उपयोग नाही.

ट्रॅकिंगला "डोअर लॉक्ड" दाखवतंय, गिऱ्हाईक म्हणतं घरीच होतो. काय करू?

त्याच दिवशी डिलिव्हरी करणाऱ्या ऑफिसला फोन, कारण माल अजून तिथेच असतो. नंबर पिनकोडवरून सापडतो. गिऱ्हाईकाचा फोन नंबर पार्सलवर लिहिलेला असेल तर ही वेळच फार कमी वेळा येते. स्क्रीनशॉट काढून ठेवा. ठरलेले दिवस उलटले की परत पाठवतात, मग खर्च तुमच्याच बोकांडी.

तक्रार कुठून सुरू करायची आणि कुठपर्यंत न्यायची?

पहिलं पोस्टाच्या साइटवर किंवा टोल फ्री 1800 266 6868 वर, तक्रार नंबर घ्यायचा. नंबराशिवाय पुढचं सगळं हवेत. हललं नाही तर डिव्हिजनच्या सुपरिंटेंडंटला ईमेल, आर्टिकल नंबर आणि बुकिंगच्या पावतीसकट. त्यानंतर केंद्राचं सीपीग्राम्स हे तक्रारींचं पोर्टल, तिथे 2024 च्या सूचनेप्रमाणे 21 दिवसांत निकाल लावायचा असतो, आणि तो पटला नाही तर अपील करता येतं. "चौकशी केली, सेवा सुधारण्याच्या सूचना दिल्या" असं एका ओळीचं उत्तर टाकून बंद करतात बरेचदा, तेव्हा अपील टाकाच, कारण ते वरच्या अधिकाऱ्याकडे जातं.

डाक अदालत पण असते, दर तिमाहीला, डिव्हिजन आणि रीजन आणि सर्कल पातळीवर. तारीख पेपरात छोट्या बातमीत येते. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात आणि तुमचा कागद त्यांच्या हातात असतो, त्यामुळे जुनं रखडलेलं प्रकरण असेल तर जाच. ऐकणारे पोस्टाचेच असतात हे मात्र धरून चला.

माहितीचा अधिकार वापरून काही होतं का?

माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार. 10 रुपये फी, ऑनलाइन भरता येते किंवा पोस्टातूनच पोस्टल ऑर्डर घ्या, 30 दिवसांत उत्तर. "माझं पार्सल कुठे आहे" हे विचारू नका, ती तक्रार झाली. विचारायचं असं: अमुक नंबरचं पार्सल अमुक तारखेला तुमच्या ऑफिसात आलं, त्या दिवशी ते कोणत्या बीटला (पोस्टमनच्या वाटपाच्या भागाला) दिलं, परत आल्याची नोंद आणि रिमार्कची प्रत द्या. कागद मागितला की कागद शोधावा लागतो, आणि कागद शोधताना पार्सल पण सापडतं असं बऱ्याचदा होतं.

आम्ही बचत गटवाले, परदेशात माल पाठवू शकतो का? एजंट फार पैसे मागतात.

पाठवू शकता. डाक घर निर्यात केंद्र नावाची सोय 2022 पासून सुरू झाली आणि आता देशभरात हजाराच्या वर केंद्रं आहेत. पूर्वी मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसला कस्टमचे कागद घेऊन जायला लागायचं किंवा एजंट पकडायला लागायचा, आता निर्यातीचं बिल तुम्ही घरी बसून ऑनलाइन भरता, पार्सल जवळच्या केंद्रावर देता, कस्टमवाले ते फॉरेन पोस्ट ऑफिसात तपासतात, तुम्ही तिथे नसलात तरी चालतं.

लागतं काय? आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, तो डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या) साइटवर 500 रुपयांत मिळतो, पॅनवरच निघतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये अपडेट करायचा असतो, नाहीतर बंद पडतो (बदल काही नसला तरी, हे शंभरातले ऐंशी विसरतात). बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या तुमच्या बँकेचा नंबर), जीएसटी असेल तर एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करायचं हमीपत्र), आणि मालाची खरी किंमत टाकलेलं इनव्हॉइस. खायचा माल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना. ज्या देशात पाठवताय त्यांचे खाण्याच्या वस्तूंचे नियम वेगळे बघा, तिथे अडकलं तर इथलं कुणी सोडवू शकत नाही.

अमेरिकेला फराळ जातो का आता? मागच्या वर्षी अचानक बंद झालं होतं.

2025 ची दिवाळी बऱ्याच घरगुती फराळवाल्यांची पाण्यात गेली ती यामुळेच. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली ड्युटीमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढली, ड्युटी कुणी आणि कशी गोळा करायची हेच विमान कंपन्यांना स्पष्ट नव्हतं, म्हणून भारतीय पोस्टाने 25 ऑगस्टपासून तिकडचं बुकिंग थांबवलं. आधी पत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू ठेवल्या, मग तेही थांबलं. परत सुरू झालं 15 ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होतं 21 ला. चकल्या सहा दिवसांत न्यू जर्सीला पोचणार होत्या का, नाही.

सुरू झालं ते नव्या पद्धतीने, ड्युटी इथेच काउंटरवर आधी भरायची, तेव्हा ती जाहीर किमतीच्या 50 टक्के होती. अमेरिकेतले दर तिकडच्या राजकारणाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे ऑर्डर घ्यायच्या आधी त्या दिवसाचा दर केंद्रावर विचारा आणि गिऱ्हाईकाला ड्युटी धरूनच किंमत सांगा. आणि विकलेला माल "गिफ्ट" म्हणून पाठवायच्या भानगडीत पडू नका, आयईसी तुमच्या नावावर आहे.

पोस्टाच्या बँकेतून धंद्याला कर्ज मिळेल का?

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक स्वतः कर्ज देऊ शकत नाही, पेमेंट्स बँकांना तशी परवानगीच नाही. 2 लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, क्यूआर मिळतो, पोस्टमन घरी येऊन पैसे भरतो-काढतो, गावातल्या दुकानाला तेवढं पुष्कळ. दुसऱ्या बँकांच्या कर्जासाठी नावं पुढे पाठवतात, पण निर्णय त्या बँकेचा.

पोस्ट तोट्यात आहे म्हणतात, मग खाजगी करून टाकतील का?

तोट्यात आहे हे खरं, पगार आणि पेन्शनमध्येच बराचसा पैसा जातो आणि कार्ड अजून 50 पैशाला आहे. पण तोटा कशाचा हे बघायला पाहिजे. घाटावरच्या वाडीत आठवड्याला दहा पत्रं वाटणारं ऑफिस नफ्यात कधीच येणार नाही, ते नफ्यासाठी उघडलेलंही नाही. माझी तक्रार तोट्याबद्दल नाही, हिशेबाबद्दल आहे. गावातली सेवा चालू ठेवायचा खर्च किती आणि निव्वळ ढिसाळपणाचा खर्च किती हे वेगवेगळं दाखवलं तर खासदारांना पण नीट प्रश्न विचारता येतील. खाजगीकरणाचा काही निर्णय झालेला नाही, अफवांवर करार थांबवू नका.

डिजिपिन आला म्हणजे पिनकोड जाणार?

नाही. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला, तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्याकडचेच संस्कृत पंडित माणूस. डिजिपिन 2025 च्या मे महिन्यात आला, देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन करून प्रत्येकाला 10 अक्षर-आकड्यांचा कोड दिलाय. वाडी-वस्तीवरच्या गिऱ्हाईकाला शोधायला उपयोगी आहे, पत्त्याखाली लिहा, पण पिनकोड गाळू नका, सॉर्टिंग अजून त्यावरच होतं.

पोस्टाची फ्रँचायझी घेऊ का? फेसबुकवर जाहिरात बघितली.

योजना खरी आहे, कमिशनवर काउंटर चालवायचं असतं, डिलिव्हरी खात्याकडेच राहते. पण अर्ज डिव्हिजनच्या ऑफिसातूनच होतो, तिथे जाऊन समोरासमोर विचारा. गुगल पे वर "रजिस्ट्रेशन फी" मागणारा पोस्टाचा नसतो.

सॉफ्टवेअर बदलल्यापासून काउंटर सारखं बंद असतं, यावर काही उपाय?

2025 च्या ऑगस्टपर्यंत देशातली सगळी ऑफिसं नव्या एपीटी सिस्टमवर गेली, त्या काळात बऱ्याच ठिकाणी रांगा लागल्या. आता यूपीआयने पैसे घेतात हा मोठा फायदा, सुट्ट्यांची कटकट गेली. तरी सर्व्हर डाऊन असेल तर जवळच्या हेड ऑफिसला जा, आणि राखी, गणपती, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी दुपारी तर अजिबात जाऊ नका.